देवांसाठी स्थळ

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आठवडाभर अष्टमी गावात लेकाकडे होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात टीव्हीचा रिमोट, आणि सून दिपिका सारखी थेंब घालायला उभी. तिला नाव ठेवायला जागा नव्हती, तरी ठेवायची तेवढी मी ठेवली. मग पेणकडे आपल्या गावी आले, कुलूप काढलं, हातपाय धुतले आणि देव्हाऱ्यासमोर बसले. नव्या डोळ्याला पहिलं काय दिसलं, तर बहिरीच्या डोक्यापासून एकवीरेच्या डोक्यापर्यंत कोळ्याने जाळं विणलेलं.

मी काही फार सोवळ्यातली बाई नाही. माशाचा हात पदराला पुसून मी दिवा लावलेला आहे. पण ते जाळं बघितलं आणि मनात आलं, मी आठवडाभर नव्हते तर हे, मग मी कायमची गेल्यावर काय?

आमच्या घरात पाच टाक. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले देव, तळहातावर मावतील एवढे. खंडोबा, बहिरी, एकवीरा, जाखमाता, आणि पाचवा वीर. हा वीर आमच्या कुळातलाच कोणीतरी, लढाईत गेलेला. नाव कोणाला ठाऊक नाही, पण घोड्यावर बसलाय. सासूने माझ्या हातात दिले तेव्हाच त्यांची नाकं घासून गेलेली होती, मी आणखी घासली. माझे मालक महिपती मिठागरावर होते. ते टोमणा मारायचे, "बायजा, तू देव धुतेस का टोप घासतेस?" ते गेल्यापासून या घरात माझं बोलणं ऐकायला हे पाचच जण उरले. काय शिजलं, कोण भांडलं, कोणाच्या पोरीचं कुठे जमलं, सगळं मी त्यांना सांगायचे. उलटून बोलत नाहीत हा त्यांचा गुण. महिपतींचाही तोच एक गुण होता.

देव लेकाकडे जातात, ही रीत. माझा लेक एकच, नितेश. धाटावच्या कंपनीत आहे. डोळा दाखवायला पुन्हा अष्टमीला गेले आणि जेवताना विषय काढला.

"आण ना मग इकडे," नितेश बोलला. शिफ्ट करून आलेला, ताटावर पेंगत होता.

"आणते. पण बहिरीला आन वीराला तिखट लागतं. कोंबडं घरात शिजलं पायजे, विकतचं नाय चालत."

नितेशने दिपिकाकडे बघितलं. दिपिकाने वरणाच्या वाटीकडे. लग्नानंतर दोन वर्षांनी तिने तुळशीची माळ घातली, तेव्हापासून त्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

"आई, मी रोज दिवा लावीन, फूल वाहीन," ती हळूच म्हणाली. "पण तेवढं एक मला सांगू नका."

"मग कोणाला सांगू? देवांना सांगू, आजपासून पनीर खा?"

"गोडाचा नैवेद्य नाही का चालणार?"

"तुला चालेल का गो, लोकांनी लग्नाला बोलावलं आन पानात नुसतं मीठ वाढलं तर?"

"आई, हळू," नितेश म्हणाला, "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. त्यांच्यात कोण कोंबडं शिजवणारी असेल तर तिला देते."

दिपिका उठून आत गेली. खरं सांगायचं तर मला तिचा राग नव्हता आला. शिजवते म्हणाली असती आणि मागून खोटं केलं असतं, तर आला असता.

गावात दीर रघू म्हणाला, "वहिनी, खाडीत सोड. बरेच जण सोडतात."

"तुझे सोड आधी," मी म्हटलं. तो पुन्हा त्या विषयावर आला नाही.

मग नातीचा फोन आला. मनस्वी, नितेशची पोर, मुंबईला शिकते. "आजी, म्युझियमला दे. तिकडे टाक ठेवलेत काचेत, मी स्वतः बघितलेत. तिथल्या मॅडमना पण मी ओळखते."

"म्युझियम म्हणजे काय गो?"

"जुन्या वस्तूंचं घर समज."

घर म्हटल्यावर प्रश्न वेगळा. घर असेल तर बघितलं पाहिजे. मला स्वतःची लेक नाही, पण तीन नणंदा आणि दोन पुतण्या मी उजवल्या. एकही घर न बघता दिली नाही. पाणी कुठून येतं, छप्पर गळतं का, सासूची जीभ कशी, सगळं पारखून. एका ठिकाणी तर मुलगा सोन्यासारखा होता, पण घरातली म्हातारी कोपऱ्यात एकटी जेवताना दिसली, तशीच उठून आले. देव तर पिढ्यांचे. त्यांना असंच कुठे द्यायचं?

"मी येते बघायला," मी म्हटलं.

स्थळ बघायला रिकाम्या हाताने जात नाहीत. पेणचे पोहे घेतले, घरचे वाल घेतले, पांढऱ्या कांद्याची एक माळ घेतली आणि रामवाडीच्या स्टँडवर एसटीत बसले. टाक घरीच ठेवले. आधी घर बघायचं, मग मुलगी दाखवायची. मुंबईला मनस्वी स्टॉपवर उभी होती. माझ्या हातातली पिशवी बघून तिने कपाळाला हात लावला.

"आजी, हे कोणाला?"

"पाहुण्यांना."

"अगं तिकडे पाहुणे नसतात, तिकीट असतं."

"स्थळ बघायला तिकीट? हे बरं हाय. आपल्याकडे ठेवलं असतं तर उगाच पोहे खाऊन जाणारी लोकं तरी घटली असती."

मॅडम दुपारी भेटणार होत्या, म्हणून मनस्वीने मला आधी चित्रांच्या एका इमारतीत नेलं. वाटेतच होती. आत गारेगार आणि पांढरंफटक. माणसं भिंतीकडे तोंड करून हळूहळू चालत होती, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मयताच्या घरी सुद्धा याहून जास्त बोलतात. एका भिंतीवर नुसता लाल रंग ओतलेला. एका पोरीने त्याच्यासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढला, लाल रंग मागे, ती पुढे. मी म्हटलं, आपल्या दाराला पण लालच रंग आहे, तिकडे ये. मनस्वीने मला चिमटा काढला.

पुढच्या खोलीत एक चित्र होतं. खाट, खिडकी आणि स्टुलावर तांब्या, त्यावर पेला पालथा घातलेला. माणूस कोणी नाही. खाटेवरची चादर एकाच बाजूला चुरगळलेली, दुसरी बाजू तशीच ताठ. समोर बाक होता, मी बसले. मनस्वी बाकीच्या खोल्या फिरून आली तरी मी तिथेच.

"आवडलं?" तिने विचारलं.

"नाय."

"मग एवढा वेळ काय बघतेस?"

"कोणाची खोली हाय ते बघत व्हते."

ती हसली आणि फोन घेऊन बाहेर गेली. दाराबाहेर ती कोणाशीतरी हसत बोलत होती, खुशीत होती. मी तिला हाक मारली नाही. चित्रातल्या चादरीचा तो ताठ भाग मी मनातल्या मनात दोनदा सारखा केला आणि उठले.

म्युझियम म्हणजे मात्र खरंच वाडवडिलांचं घर शोभेल असं. दगडी पायऱ्या, उंच दरवाजा. दारात एक बाई गणवेशात बसलेली, छातीवर नाव, मनस्वीने वाचलं, इंदुबाई. तिने माझी पिशवी उघडली.

"मावशी, कांदे आत नाही जात."

"देवळात चपला काढून घेतात, तुम्ही कांदे काढून घेता?"

"खायचं काहीच नाही चालत. हे घ्या टोकन, जाताना पिशवी घेऊन जा."

"आन कांदे मोजून ठेव," मी म्हटलं. ती हसली. दारातली माणसं हसरी, ही खूण मी मनात धरली.

आत शिरल्याबरोबर दगडाची देवी. दोन्ही हात तुटलेले, नाक गेलेलं. आमच्याकडे भंगलेली मूर्ती पाण्यात सोडतात, इथे मधोमध उभी केलेली आणि वर दिवा. लोक तिच्याभोवती फिरत होते, पण प्रदक्षिणा नव्हती ती, उलटीसुलटी कशीही. हात कोणीच जोडत नव्हतं. मी जोडले. शेजारचा एक बाप्या माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच मांडून ठेवलेली वस्तू.

टाक वरच्या मजल्यावर होते. काचेच्या पेटीत काळं मखमल आणि त्यावर ओळीने निजवलेले. आमच्यासारखेच, खंडोबा घोड्यावर, देवी आठ हातांची. चकचकीत, नाकीडोळी शाबूत. खाली पाटी होती. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, एक एक अक्षर लावत वाचलं. "देवतांचे टाक. चांदी. मूळ स्थान अज्ञात."

"अज्ञात म्हणजे?" मी मनस्वीला विचारलं.

"म्हणजे कुठले ते माहीत नाही."

मी पुन्हा वाचलं. गाव नाही, घर नाही, आडनाव नाही. एवढ्या पिढ्या कोणीतरी पहाटे उठून यांना धुतलं असेल, पोराच्या तापात यांच्यापुढे नारळ ठेवला असेल, आणि पाटीवर काय, तर अज्ञात.

"मनस्वी, चल," मी म्हटलं. "हे स्थळ नाय जमायचं."

तेवढ्यात मॅडम आल्या. मॅडम कसली, पोरच होती, चष्मा आणि सुती कुर्ता. ऋतुजा नाव. माझ्या पाया पडली. शहरातली पोर पाया पडली की मी सावध होते, पण तिने ते पटकन उरकलं नाही, नीट वाकली.

"आजी, तुम्ही पाटी वाचलीत ना," ती म्हणाली. "हे टाक फार पूर्वी आलेत, दुकानातून विकत घेतलेले. तेव्हा कोणी विचारून ठेवलं नाही. आता विचारतो."

"इचारून काय लिवता?"

"गाव, घर, कोणी दिले, कधीपासून होते. तुम्ही सांगाल ते."

"मला माजघर बघायचंय," मी म्हटलं. "ओटीवर सगळेच छान दिसतात."

मनस्वी ओशाळली, पण ऋतुजाला कळलं. तिने किल्ली घेतली आणि मला खाली कोठारात नेलं. लोखंडी कपाटं, रुंद उथळ खण, आणि गारवा असा की आंबेमोहोर तांदूळ ठेवावा. मी भिंतीला हात लावून बघितला, ओल नव्हती.

"पावसाळ्यात गळतं?"

"एकदा गळलं होतं कोपऱ्यात. आता नाही."

"उंदीर?"

"नाहीत. म्हणून तर खायचं आत येऊ देत नाही."

"म्हणजे उपाशी."

"हो आजी," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. इथे पूजा होत नाही. फूल नाही, आंघोळ नाही, दिवा नाही. आम्ही घासतही नाही. घासलं की झिजतात."

"झिजू देत की. देव वापरायचे असतात."

"तुमच्या घरी. इथे आम्ही फक्त सांभाळतो."

मग तिने हातमोजे घातले, एक खण ओढला आणि आतली एक छोटी पितळी देवी उचलून दाखवली. एक हात खाली, एक मागून, जसं बाळंतिणीचं मूल उचलतात. मी घर बघायला जाते तेव्हा माणसाच्या हाताकडे बघते. तोंड काय, कोणीही गोड करतं.

"तू यांच्याशी बोलतेस का गो?" मी विचारलं.

ती लाजली. "कधी कधी. इथे खाली फोनला रेंज नसते."

खोट काढायला मला काही सापडेना, आणि त्याचाच मला राग आला. स्थळ वाईट निघालं असतं तर मी चांगली शिव्या देत घरी गेले असते.

वर तिच्या खोलीत बसलो. ती म्हणाली, "आजी, घाई नाही. असेपर्यंत तुमच्याकडेच राहू देत. तुमच्या पश्चात घरच्यांनी आणून दिले तरी आम्ही घेऊ."

चांगलीच बोलली होती. मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. मी घरात पडलेली, कोणाला कधी कळेल देव जाणे. नितेश शिफ्टवर. दिपिका रडत पदर शोधणार. रघू तेवढ्यात पाचही पिशवीत घालून खाडीचा रस्ता धरणार, वर म्हणणार, वहिनीचीच इच्छा होती. आणि या पोरीला मुंबईत कोण कळवणार, की आजी गेली, देव न्यायला ये? आईबाप असताना मुलीला देतात. मागे उरलेल्या मुलीला भाऊबंद काय, मिळेल त्याच्या गळ्यात बांधतात.

तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. सोबत पाण्याचे ग्लास. सकाळपासून घशाला कोरड पडली होती, एसटीत उन्हाने जीव नकोसा झालेला. ऋतुजाने ग्लास माझ्याकडे सरकवला.

"नको," मी म्हटलं.

"थोडा चहा तरी घ्या, आजी. एवढ्या लांबून आलात."

"नको गो. पाणी पण नको."

तिला वाटलं मी रागावले. तिने मनस्वीकडे बघितलं. मनस्वीच्या हातातला कप तसाच राहिला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "आमच्याकडे मुलगी जिथे दिली, त्या घरचं पाणी आईबाप पीत नाहीत."

ऋतुजाने ग्लास हळूच बाजूला घेतला.

"पाटीवर गावाचं नाव लिव," मी म्हटलं. "आन त्यांना तिखट लागतं हे पण लिव. कोंबडं, घरचं."

"लिहीन," ती म्हणाली, आणि माझ्यासमोरच लिहून घेतलं.

जाताना पिशवी सोडवून घेतली. कांद्यांची माळ ऋतुजाला दिली, पोहे आणि वाल इंदुबाईला. मनस्वीने मला कोपऱ्यावरच्या टपरीवर नेऊन पाणी पाजलं. दोन बाटल्या प्यायले.

कागदपत्रांचं मनस्वी आणि नितेशने बघितलं. एका रविवारी ऋतुजा गाडी घेऊन गावी आली. मी पहाटेच कोंबडं शिजवलं, तांदळाच्या भाकरी भाजल्या, वाटण पाट्यावर. देवांना शेवटचं धुतलं, चिंच लावून, आणि काय मऊ हाताने, महिपतींनी बघितलं असतं तर ओळखलं नसतं मला. नितेशला नेमकी रविवारचीच शिफ्ट लागली. त्याची शिफ्ट नेहमी बरोबर लागते. दिपिका मात्र स्कूटीवरून एकटी आली. रश्श्याच्या वासात आत येणार नाही म्हणून ओटीवरच बसून राहिली, पण दिवसभर राहिली. तिच्यासाठी मी वेगळ्या चुलीवर वालाचं बिरडं केलं होतं. ऋतुजाने दोनदा रस्सा मागून घेतला, तिथे ती मला पसंत पडली.

पेटीत एकेक टाक मऊ कागदात गुंडाळून ठेवला तिने. वीराला सगळ्यात शेवटी. मी प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, तिने लावू दिलं. पेटी गाडीत गेली आणि ओटीवर दिपिकाने हंबरडा फोडला.

"आई, माझ्यामुळे गेले हो."

"गप गो. शेजारी येतील, म्हणतील बायजा गेली. आन तुझ्यामुळे नाय. तू खरं बोललीस. खोटं बोलून घेऊन गेली असतीस तर तुझ्या घरात उपाशी मेले असते."

"तिकडे पण उपाशीच ना?"

"तिकडे सांगून उपाशी. त्यात फरक हाय."

फरक आहे का, हे मला तेव्हाही नक्की ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी दिपिका म्हणाली, चला माझ्याबरोबर अष्टमीला. मी नाही म्हटलं. आपलं घर एकाच दिवसात दोनदा रिकामं करू नये.

दुसऱ्या दिवशी उठले, आंघोळ केली, जास्वंदीची फुलं तोडून आत आले तेव्हा आठवलं. फुलं हातात घेऊन मी किती वेळ उभी होते. देव्हारा पुसलेला, पाच जागी लाकूड फिकट. शेवटी फुलं पाण्याच्या पेल्यात टाकून ठेवली. त्या दिवशी शेजारच्या समीक्षाचं नवऱ्याशी वाजलं. मी आत गेले सांगायला आणि तशीच परत ओटीवर आले.

मुलगी दिली की आईने लगेच फोन करू नये, हे मीच पुतणीच्या आईला ठणकावून सांगितलेलं. सारखी चौकशी केली की मुलगी सासरी रमत नाही. म्हणून मी आठवडा काढला. पुढच्या सोमवारी मात्र फोन लावला.

"ऋतुजा, मी बायजा. पोचले का नीट?"

"आजी! त्याच रात्री मेसेज केला होता मी."

"मला मेसेज उघडता येत नाय. कसे हायत?"

"छान आहेत. पाचही शेजारी शेजारी ठेवलेत. पाटी पण झाली, तुमच्या गावाचं नाव आहे."

"तिखटाचं?"

"ते पण आहे."

"आज बोललीस का त्यांच्याशी?"

"आजी, आज सोमवार. सुट्टी असते. मी घरी आहे."

"मग तिथे कोण हाय?"

"आज कोणी नाही. बंद असतं."

मी फोन ठेवला नाही. तीही ठेवत नव्हती. तिच्या घरात मागे कुकरची शिट्टी झाली.

"उद्या सकाळी पहिल्यांदा खालीच जाते," ती म्हणाली. "त्यांना काय सांगू?"

देव्हाऱ्यासमोर बसून जन्मभर काय काय सांगितलं, त्यातलं परक्या तोंडाने सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

"सांग," मी म्हटलं, "चुलीवर भात ठेवलाय."

फोन ठेवला, उठले आणि भात ठेवला.